खोकल्याच्या औषधातील ‘डेक्स्ट्रो’: बाटली वाचावी कशी

कोरड्या खोकल्याच्या बऱ्याच औषधांवर बारीक अक्षरांत डेक्स्ट्रोमेथॉर्फन हायड्रोब्रोमाइड हे नाव छापलेले असते. त्यातील ‘डेक्स्ट्रो’ म्हणजे उजवे, हे आधी ध्यानात घ्यावे. मेथॉर्फन या कृत्रिम रेणूची उजवी आणि डावी अशी दोन रूपे आहेत. दोहोंतील अणू तेच, जोडणीही तीच, फक्त अवकाशातील मांडणी आरशातल्यासारखी उलट असते. डाव्या पायाची चप्पल उजव्या पायात बसत नाही, तसेच काहीसे येथे होते. डावे लेव्होमेथॉर्फन शरीरात लेव्हॉर्फनॉल बनून मॉर्फिनच्याच रिसेप्टरवर (पेशीवरील, रेणू जिथे बसून परिणाम घडवतो त्या जागेवर) पक्के बसते आणि म्हणून अमली पदार्थांच्या कडक नियंत्रणाखाली येते. उजवे रूप तेथे जवळजवळ बसतच नाही, पण खोकल्याची उबळ मात्र शमवते. अमेरिकेत त्याला १९५८ साली मान्यता मिळाली.

याचा अर्थ ते निरुपद्रवी आहे असा मुळीच नाही. ते मेंदूतील एनएमडीए नावाचे रिसेप्टर अडवते आणि सेरोटोनिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनावरही परिणाम करते, त्यामुळे नैराश्यावरील गोळ्या किंवा लिनेझोलिड हे प्रतिजैविक चालू असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. एमएओ रोधक गटातील (नैराश्य, पार्किन्सन यांवरील काही) औषध बंद केल्यानंतरही १४ दिवस थांबावे लागते.

खोकल्याबरोबर कफ सुटत असेल तर हे औषध नको, कारण कफ बाहेर पडणेच हिताचे असते. खोकला कोरडा असेल, तर ‘दर ५ मिलिलिटरमध्ये’ या शब्दांपुढचा आकडा पाहावा. तो १० मिलिग्रॅम असेल, तर १० मिलिलिटरच्या एका मात्रेत २० मिलिग्रॅम औषध पोटात जाते. प्रौढांसाठी २४ तासांची कमाल मर्यादा १२० मिलिग्रॅम असली, तरी डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा ओलांडू नये. मोजायला बाटलीवरचे खुणांचे टोपणच घ्यावे, घरातला चमचा नव्हे, कारण दोन घरांतले चमचे कधी सारखे नसतात. बाटलीवरील घटकांच्या यादीत क्लोरफेनिरामाइन हे सर्दीवरचे, झोप आणणारे औषध दिसले, तर सर्दीची वेगळी गोळी घेण्यापूर्वी तिच्यातही तेच नाही ना, हे तपासावे आणि गाडी चालवू नये. लहान मुलांना हे औषध मनाने कधीही देऊ नये.

यकृतातील सीवायपी२डी६ हे विकर (एन्झाइम) या रेणूचे विघटन करते. काहींमध्ये ते जन्मतःच मंद असते, तर फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन यांसारखी नैराश्यावरील औषधे ते मंदावतात. अशांच्या रक्तात नेहमीची मात्राही जास्त काळ रेंगाळते. गंमत अशी, की २०१० साली अमेरिकेत मान्य झालेल्या एका कॅप्सूलमध्ये हेच विकर मुद्दाम अडवण्यासाठी डेक्स्ट्रोमेथॉर्फनबरोबर क्विनिडीन घातलेले आहे, आणि ती कॅप्सूल खोकल्यासाठी नसून मेंदूच्या विकारांत अनावर येणाऱ्या हसण्या-रडण्यासाठी दिली जाते.