फारकतीत पेन्शन मोजताना पासबुकावर थांबू नका

नवरा जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक असला, की फारकतीच्या बोलणीत पासबुकातला आकडा पुढे केला जातो. तो बहुधा खऱ्यापेक्षा कमी असतो, कारण पेन्शनचा 40 टक्क्यांपर्यंतचा भाग विकलेला असतो. कागदावर त्याला अंशराशीकरण म्हणतात. मूळ पेन्शन 20,000 असेल तर 8,000 कापले जातात. मूळ पेन्शनपैकी खात्यात 12,000 येतात, पण महागाई भत्ता पूर्ण 20,000 वरच मिळतो. कापलेले 8,000 पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू होतात आणि विकल्याची एकरकमी रक्कम तर आधीच हाती पडलेली असते. म्हणून पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची, प्रत मागा. मूळ पेन्शन आणि विकलेला भाग त्यात दिसतो. त्या एकरकमी पैशातून वावर घेतलं असेल तर सातबाराही जोडा.

याहून मोठा घात दुसराच आहे. घटस्फोट झाला की बाईचा कुटुंब निवृत्तिवेतनावरचा, म्हणजे नवऱ्याच्या माघारी बायकोला मिळणाऱ्या पेन्शनवरचा, हक्क जातो. या नुकसानीची भरपाई एकरकमी पोटगीत धरायला लावा. ‘पुढे काहीच मागणार नाही’ या ओळीखाली सही करण्याआधी तालुका विधी सेवा समितीत जा. बाईला तिथे उत्पन्न न पाहता वकील फुकट मिळतो.