कमोडोरचं घड्याळ मागे पडतंय? चिप बदलण्याआधी या चुका टाळा

मावसभावाने न्यू जर्सीहून आणलेला कमोडोर ६४ हा जुना घरगुती संगणक मी स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरवर सुरू केला आणि बरोबर दहा वाजता त्यातलं घड्याळ लावलं. अकराला पाहतो तर दहा पन्नास. चिप गेली म्हणून नवी ६५२६ मागवायच्याच बेतात होतो. चिपचा काहीएक दोष नव्हता.

या मशीनमध्ये ६५२६ जातीच्या दोन चिपा असतात आणि दोन्हींत एकेक घड्याळ. त्याला क्वार्ट्झचा आधार नाही. अ‍ॅडॉप्टरमधून येणारी ९ व्होल्टची एसी जितक्यांदा वरखाली होते, ते ठोके मोजून ते चालतं. म्हणजे कालमापन तुमच्या घरातली लाइन करते, चिप फक्त मोजते.

आता माझी चूक. ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे ११५ करतो, पण ५० हर्ट्झचे ६० करत नाही. चिप सेकंदाच्या दहाव्या भागासाठी सहा ठोक्यांची वाट पाहते, आपल्याकडे तेवढ्या वेळात पाचच येतात. तासाला दहा मिनिटं गेली. इलाज एका बिटाचा, बेसिक भाषेत (पोक म्हणजे मेमरीतल्या त्या क्रमांकाच्या जागी आकडा भरणं, पीक म्हणजे तिथला आकडा वाचणं): पोक ५६३३४, पीक(५६३३४) ऑर १२८. दुसऱ्या चिपसाठी ५६५९०. युरोपातली मशीनंही सुरू होताना ६०च धरून चालतात, त्यामुळे ‘माझं तर पाल (युरोपातल्या टीव्हीसाठीचं) मॉडेल आहे’ म्हणून निर्धास्त राहू नका. आणि रन-स्टॉप व रिस्टोअर या कळा एकत्र दाबलंत की हा बिट पुन्हा शून्य होतो. मी यातच दोनदा फसलो.

वेळ भरताना ४५ मिनिटांसाठी सरळ ४५ पोक करू नका. तिथे प्रत्येक अंकाला चार बिट असतात, म्हणून ४ गुणिले १६ अधिक ५, म्हणजे ६९ भरायचे. क्रमही सांभाळा. तास (५६३३१) लिहिला की घड्याळ थांबतं, सेकंदाचा दहावा भाग (५६३२८) लिहिला की सुटतं. वाचतानाही तसंच: तास वाचला की आकडे गोठतात आणि दहावा भाग वाचेपर्यंत गोठलेलेच राहतात. आत घड्याळ चालूच असतं, तुम्हाला मात्र बंद पडल्यासारखं वाटतं. बारा वाजता लावायचं असेल तर आणखी एक खोडी: १२ लिहिताना सकाळ-संध्याकाळचा बिट उलटतो.

बेसिकमधलं टीआय$ हे घड्याळ यापेक्षा वेगळं. ते लाइनवर नाही, इंटरप्टवर (टायमरने प्रोसेसरला ठरावीक वेळाने दिलेल्या हाकेवर) चालतं, आणि टेप किंवा डिस्क चालू असताना मागे पडतं. दोन्हींची तुलना करून ‘लाइनवालं पुढे धावतंय’ असं ठरवू नका.

बिट लावूनही दिवसाला मिनिटभर फरक पडत असेल तर तो ग्रिडचा. आपल्याकडे ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ हा पट्टा चालतो. दिवसभराची सरासरी ४९.९५ राहिली तर ८६ सेकंद गेले. २०१८च्या सुरुवातीला सर्बिया आणि कोसोवोच्या वादात युरोपातल्या ग्रिडची सरासरी जेमतेम ४९.९९६ झाली आणि मार्चपर्यंत तिथली ओव्हनवरची, रेडिओवरची घड्याळं जवळजवळ सहा मिनिटं मागे पडली. तेव्हा अशा फरकासाठी मशीन उघडून काही हाती लागणार नाही.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टर घेतो तेव्हा ठोके त्याचे स्वतःचे. त्याची फ्रिक्वेन्सी जरा इकडेतिकडे असली की घड्याळही तसंच. वायरिंगमध्ये खरखर असेल, तर जास्तीचे ठोके मोजले जाऊन ते पुढेही पळू शकतं.

सगळ्यात फसवी तक्रार ‘मशीन व्यवस्थित चालतंय, घड्याळ हलतच नाही’ ही. कोणी हौसेने सगळी वीज डीसीवर नेली असेल तर ठोका द्यायलाच कुणी नाही. कमोडोरच्याच अमिगा २००० या संगणकाला पीसीची एटीएक्स पॉवर सप्लाय बसवली की हाच घोळ होतो, कारण तिच्यात टिकची (ठोक्यांची) तार नसते. मात्र तिथे सोय आहे: बोर्डावरचा जे३०० जंपर व्हीसिंककडे सरकवा, मग ठोके लाइनऐवजी स्क्रीनच्या सिग्नलवरून मिळतात.