तालुक्याची फुटबॉल स्पर्धा पैशाच्या दावणीला बांधली जाऊ नये म्हणून

स्पर्धा भरवायची ठरली की बहुतेक मंडळे आधी देणगीदार शोधतात आणि नियमावली नंतर, घाईघाईत लिहितात. हा क्रम उलटा असावा, ही माझी पहिली सूचना आहे. नियम छापून झाल्यावर येणारा देणगीदार ते मान्य करून येतो. नियमांच्या आधी आलेला देणगीदार मात्र ते लिहिताना समोर बसलेला असतो.

हे मी अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी परभणी जिल्ह्यात आम्ही आठ संघांची स्पर्धा भरवली होती. सेलू, मानवत, पाथरी, जिंतूर अशा ठिकाणांहून मुले आली होती. उपांत्य सामन्याच्या सकाळी एका संघाचे सधन आश्रयदाते जीपमधून पाच अनोळखी खेळाडू घेऊन उतरले. आमची नोंदवही म्हणजे शाळेची दोनशेपानी वही होती आणि त्यातील नावे पेन्सिलीने लिहिलेली होती. पाच नावे खोडून पाच नवी लिहिली गेली. पंचांना ते थांबवता आले नाही, कारण थांबवणारा नियमच आम्ही केलेला नव्हता. साखळीतील सगळे सामने खेळलेला त्या संघाचा गोलरक्षक हातमोजे काढून फक्कीच्या रेषेबाहेर बसला, ते दृश्य मला अजून विसरता आलेले नाही.

म्हणून नोंदणीपासून सुरुवात करावी. नावे पेनाने लिहावीत, प्रत्येक नावासमोर छायाचित्र चिकटवावे, प्रत्येक पानावर सर्व कर्णधारांच्या सह्या घ्याव्यात आणि पहिल्या सामन्याच्या किमान आठ दिवस आधी नोंदणी बंद करावी. बाहेरचे खेळाडू प्रत्येक संघात दोनच असावेत. ‘बाहेरचा’ म्हणजे कोण, हेही लिहावे. तालुक्यात राहणारा किंवा तालुक्यातील शाळा-महाविद्यालयात शिकणारा तो स्थानिक, एवढी व्याख्या पुरते. युरोपात हाच प्रश्न पैशाच्या भाषेत सोडवण्याचा प्रयत्न झाला. 2003 मध्ये रोमन अब्रामोविच यांनी चेल्सी, 2008 मध्ये शेख मन्सूर यांच्या गुंतवणूक समूहाने मँचेस्टर सिटी आणि 2011 मध्ये कतारच्या गुंतवणूकदारांनी पॅरिस सेंट-जर्मेन विकत घेतल्यानंतर खेळाडूंच्या किमती अशा वाढल्या की 2017 मध्ये ब्राझीलच्या एकट्या नेमारसाठी 22.2 कोटी युरो मोजले गेले. युरोपातील फुटबॉलची नियामक संघटना असलेल्या युएफाने आधी जमाखर्चाचा मेळ बसवण्याची अट घातली आणि पुढे संघावरील खर्च उत्पन्नाच्या 70 टक्क्यांपर्यंत टप्प्याटप्प्याने आणण्याचा नियम केला. आपल्याकडे कोणी कोणाला पाकिटात काय दिले, हे तपासण्याची सोय नाही. जेथे पैसा मोजता येत नाही, तेथे निदान माणसे मोजावीत.

श्रीमंत मालक असणे हा दोष नव्हे, हे येथे स्पष्ट करतो. पैसा आला तर पंचांना वेळेवर मानधन मिळते, गोलपोस्टला जाळी लागते. भीती वेगळी आहे. 1885 मध्ये स्थापन झालेला इंग्लंडमधील बरी हा क्लब 2019 मध्ये आर्थिक डबघाईमुळे लीगमधून काढून टाकला गेला. संघाचा जीव एकाच माणसाच्या तिजोरीत अडकला की गावाला आपला संघ वाचवता येत नाही.

शिक्षा आधी ठरवावी. गुन्हा घडल्यावर शिक्षा ठरवू लागलो, तर ती संघाचे नाव पाहून ठरते. इंग्लंडच्या सर्वोच्च साखळीत, प्रीमियर लीगमध्ये, आर्थिक नियम मोडल्याबद्दल एव्हर्टनचे 10 गुण नोव्हेंबर 2023 मध्ये कापले गेले आणि अपिलात ती कपात 6 गुणांवर आली. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे 4 गुण कापले गेले. मँचेस्टर सिटीवर मात्र फेब्रुवारी 2023 मध्ये शंभराहून अधिक आरोप ठेवले गेले आणि ते प्रकरण वर्षानुवर्षे चालत राहिले. छोट्या आरोपाचा निकाल लवकर आणि मोठ्याचा उशिरा लागला की प्रेक्षकांचा विश्वास उडतो. आपल्या स्पर्धेत तक्रारीचा निकाल चोवीस तासांत लागावा, त्यासाठी कोणत्याही संघाशी नाते नसलेल्या तिघांची समिती असावी आणि त्यांतील एक जण दुसऱ्या तालुक्यातील असावा.

आता स्पर्धेच्या प्रवेशदाराविषयी, कारण न्यायाचा खरा प्रश्न येथेच आहे. 18 एप्रिल 2021 रोजी युरोपातील बारा बड्या क्लबांनी सुपर लीगची घोषणा केली. वीस संघांपैकी पंधरा संस्थापकांची जागा कायमची आणि उरलेल्या पाच जागांसाठीच बाकीच्यांनी झगडायचे, अशी ती रचना होती. वेगळी चूल मांडणे हाच अपराध, असे मी मानत नाही. 1992 मध्ये इंग्लंडचे 22 क्लब जुन्या फुटबॉल लीगमधून बाहेर पडले आणि प्रीमियर लीग सुरू झाली, तीही पैशासाठीच. पण खालून वर येण्याची आणि वरून खाली जाण्याची वाट त्यांनी मोडली नाही, म्हणूनच खालच्या लीगमधून वर आलेला लेस्टर 2016 मध्ये विजेता होऊ शकला. आपल्या देशात 2014 मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये ही वाट कित्येक वर्षे बंद होती. मिझोरामच्या ऐझॉल एफसीने 2016-17 ची आय-लीग, म्हणजे तेव्हा सुपर लीगबरोबरच चालणारी देशातील दुसरी राष्ट्रीय लीग, जिंकली, पण त्या विजेतेपदाने त्यांना तेथे जागा मिळाली नाही. आय-लीग जिंकून वर जाणारा पहिला संघ पंजाबचा, आणि तोही 2023 मध्ये. म्हणून संघ जास्त असतील तर ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन गट करावेत, ‘अ’ गटातील शेवटचे दोन संघ पुढच्या वर्षी खाली आणि ‘ब’ गटातील पहिले दोन वर, असे लिहावे आणि ‘देणगीच्या रकमेवरून कोणत्याही संघास थेट प्रवेश मिळणार नाही’ हे वाक्य देणगीदाराला द्यायच्या पत्रात शब्दशः घालावे.

आयोजन समितीत देणगीदारांचे प्रतिनिधी निम्म्याहून कमी ठेवावेत. जर्मनीत बहुतेक व्यावसायिक क्लबांत मताधिकाराचा अर्ध्याहून अधिक वाटा सभासदांकडेच राहतो, त्यामागचे सूत्र हेच आहे. जमलेल्या रकमेतून बक्षिसे वगळून निम्मा भाग सर्व संघांना प्रवासखर्च म्हणून सारखा वाटावा. हिशेब मैदानावर फलकावर लावावा.

एवढे करूनही एखादा रुसलेला आश्रयदाता त्याच तारखांना आपली वेगळी, मोठ्या बक्षिसाची स्पर्धा जाहीर करील. अशा वेळी ‘तिकडे खेळलेल्यांना आमच्याकडे कायमची बंदी’ असे रागाच्या भरात जाहीर करू नये. सुपर लीगच्या प्रकरणात युरोपीय संघाच्या न्यायालयाने 21 डिसेंबर 2023 रोजी फुटबॉलची जागतिक संघटना फिफा आणि युएफा यांच्याच पूर्वपरवानगीच्या नियमांवर ठपका ठेवला, कारण परवानगीचे निकष पारदर्शक, वस्तुनिष्ठ आणि भेदभावरहित नव्हते. सुपर लीगला मान्यता द्यावीच, असे मात्र न्यायालयाने म्हटले नाही. यातून आपण घ्यायचे ते असे: एकाच दिवशी होणाऱ्या दोन स्पर्धांत नाव नोंदवता येणार नाही, ही अट आधीपासून नियमावलीत असावी, ती सर्वांना सारखी लागू व्हावी आणि तिच्याविरुद्ध दाद मागण्याची सोय असावी. मग ज्याला जायचे त्याला जाऊ द्यावे.

प्रेक्षकांना मात्र अंधारात ठेवू नये. घोषणेनंतर दोन दिवसांतच सहाही इंग्लिश क्लब सुपर लीगमधून मागे फिरले, त्यात चेल्सीच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानाबाहेर रस्त्यावर उतरलेल्या त्याच क्लबच्या चाहत्यांचा मोठा वाटा होता. गावकऱ्यांना नियम माहीत असतील तरच ते त्यांच्या बाजूने उभे राहतील. म्हणून पहिल्या सामन्याआधी, दोन्ही संघ मध्यरेषेवर उभे असताना, नियमावली ध्वनिक्षेपकावरून संपूर्ण वाचावी. आम्हाला त्यासाठी अकरा मिनिटे लागतात. वाचून झाल्यावर नोंदवही टेबलावर उघडी ठेवतो, आणि ज्याला हवी त्याला ती चाळता येते.