मागचं चाक डुलतंय? रिम वाकली की एक्सल, खडूने ओळखा
खड्ड्यात आपटून जीपचं मागचं चाक डुलायला लागलं की लोक आधी रिम बदलतात, आणि डुलणं तसंच राहतं.

१. पुढच्या चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडा, मागची बाजू स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर अजिबात नको.
२. रिमच्या कडेला स्क्रूड्रायव्हर पक्का टेकवून चाक हाताने फिरवा. घासतो तिथे रिमवर आणि जवळच्या स्टडवर (चाकाचा नट बसतो तो एक्सलचा बोल्ट) खडूने खूण करा.
३. चाक दोन स्टड पुढे सरकवून बसवा, नट समोरासमोरचे आवळा, पुन्हा फिरवा.

घासणं रिमच्या खुणेवर आलं, तर रिम वाकलीय. स्टडच्या खुणेपाशीच राहिलं, तर एक्सल शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, वाकलाय. तो ठोकून सरळ करू नका, बदलाच. बेअरिंग आणि ऑइल सीलही सोबतच नवं टाका. जुनं सील गळलं की तेल थेट ब्रेक लायनरवर उतरतं.