डॅनिश-हंगेरियन दुभाषी शोधताना या चुका टाळा

बुडापेस्टमध्ये एखाद्या डॅनिश कवीचा किंवा चित्रकाराचा कार्यक्रम ठरला, की आयोजक आधी सभागृह, तिकिटे आणि निमंत्रणपत्रिका यांच्या मागे लागतात आणि दुभाष्याची आठवण त्यांना अखेरच्या आठवड्यात होते. या घाईतून होणारी आणि मला सर्वाधिक चीड आणणारी चूक म्हणजे स्वीडिश किंवा नॉर्वेजियन जाणणाऱ्यावर काम भागवणे. छापील मजकुरात या तिन्ही भाषा एकमेकींच्या फार जवळ आहेत हे खरे. पण बोलताना डॅनिश माणूस निम्मी व्यंजने गिळतो आणि त्याचे आकडे तर अगदी निराळे असतात. आपल्याकडची जुनी माणसे विसांवर मोजत, तशीच डॅनिशची मोजणी आहे: पन्नास म्हणजे ‘हाल्ट्रेस’, अर्थात अडीच विसा, आणि सत्तर म्हणजे ‘हाल्फ्येर्स’, अर्थात साडेतीन विसा. स्वीडिशमध्ये हा प्रकारच नाही.

एका कलादालनातील चर्चेत एक डॅनिश समीक्षक डॅनिश चित्रकार आस्गर योर्न यांच्या पन्नासच्या दशकातील चित्रांविषयी बोलत होते आणि स्वीडिशमध्ये तरबेज असलेल्या दुभाषीबाई ते दशक प्रत्येक वेळी सत्तरचे सांगत होत्या. योर्न ज्या ‘कोब्रा’ या चित्रकारांच्या गटाच्या संस्थापकांपैकी होते, तो 1951 मध्येच विसर्जित झाला आणि ते स्वतः 1973 मध्ये वारले. श्रोत्यांतील एका वृद्ध चित्रकाराने उठून विचारले, की ही चित्रे काढायला योर्न होते तरी कुठे? समीक्षकांना प्रश्नाचा रोखच कळेना, आणि उरलेली चर्चा सनावळीच्या घोळात वाहून गेली. आयोजकांनी नंतर खापर माइकवर फोडले. मी काम देण्यापूर्वी उमेदवाराला कलाविषयक डॅनिश मुलाखतीचा, सनांनी भरलेला तुकडा फोनवर ऐकवतो आणि तो लगेच हंगेरियनमध्ये सांगायला लावतो. पदवीची प्रमाणपत्रे त्यानंतर पाहतो.

दुसरी चूक म्हणजे कवितेचा अनुवाद दुभाष्याकडून जागच्या जागी करून घेणे. डॅनिश कवयित्री इंगर क्रिस्टेन्सन यांच्या 1981 च्या ‘अल्फाबेट’ या दीर्घ काव्यात विभाग वर्णमालेच्या क्रमाने येतात आणि ओळींची संख्या फिबोनाची श्रेणीनुसार, म्हणजे आधीच्या दोन संख्यांची बेरीज करत, वाढत जाते; अशी रचना कानावर पडताच दुसऱ्या भाषेत उभी करण्याची अपेक्षा म्हणजे निव्वळ आळस. कवितेचा तयार अनुवाद आधी मिळवावा, तो नटाकडून वाचून घ्यावा आणि दुभाष्याला फक्त संवादासाठी बसवावे, तेही वाचनाचा सगळा मजकूर त्याला आठवडाभर आधी पाठवूनच. तसेच, उत्तम अनुवादक मंचावर उत्तम दुभाषी ठरेलच असे गृहीत धरू नये. एकेका वाक्यावर दिवस घालवणारा माणूस माइकसमोर गोठू शकतो.

इंग्रजीमार्गे दुहेरी भाषांतर हा शेवटचा पर्याय समजावा, कारण त्यात विनोद हमखास मरतो. समांतर भाषांतरासाठी, म्हणजे वक्ता बोलत असतानाच केल्या जाणाऱ्या भाषांतरासाठी, बूथमध्ये (दुभाष्याच्या बंद कक्षात) एकालाच बसवू नये. साधारण अर्ध्या तासाने आलटूनपालटून बोलणारे दोघे लागतात.

शोध इंटरनेटवरील स्वस्त दरांच्या यादीतून सुरू करू नये. डॅनिश पुस्तकांच्या हंगेरियन आवृत्त्यांवरील अनुवादकांची नावे पाहून प्रकाशकाकडे चौकशी करावी आणि बुडापेस्टच्या एल्टे विद्यापीठातील स्कॅन्डिनेव्हियन विभागात विचारावे. अनुवादक स्वतः आले नाहीत, तरी बहुधा योग्य माणसाचे नाव सांगतात. दर ठरवताना तयारीच्या तासांचे पैसे वेगळे मांडावेत. ते नाकारणाऱ्या आयोजकांचे काम चांगले दुभाषी दुसऱ्यांदा घेत नाहीत.