लोणावळ्यात पहिल्यांदा कडा चढताय? या चुका टाळा

दिवाळी उलटली की लोणावळ्याच्या आसपासच्या कड्यांवर दोर लागायला सुरुवात होते. कुरवंडे गावाजवळची नागफणी, म्हणजेच ड्यूक्स नोज, आणि कोरीगडाच्या पुढे तैलबैलाच्या त्या दोन जुळ्या भिंती ही नेहमीची ठिकाणं. ‘अनुभवाची गरज नाही, सर्वांसाठी खुलं’ हे वाचून आयटीतली पोरं, कॉलेजचे ग्रुप, पन्नाशीतले काका-काकू, आईवडिलांसोबत आलेली लहान मुलं असे सगळे येतात. यावंच. पण अशा मोहिमेत जे बिनसतं, त्यातलं बरंचसं कड्यावर बिनसत नाही. ते पायथ्याला, किंवा त्याही आधी फोनवर पैसे भरताना बिनसलेलं असतं.

क्लाइंबिंग की नुसतं रॅपलिंग?

हे न विचारताच पैसे भरणारे खूप. जाहिरातीत क्लाइंबिंग असतं आणि प्रत्यक्षात मागच्या वाटेने चालत माथ्यावर जाऊन दोराने खाली उतरायचं असतं. त्यातही मजा आहे, पण खडक हातापायांनी चढणं ही वेगळी गोष्ट. त्यामुळे थेट विचारा: चढाई किती फुटांची? दोर किती लावणार? माणसं किती? एका दोरावर एकाला पंधरा मिनिटं धरली तरी चाळीस जणांना दहा तास लागतात. एकच दोर आणि चाळीस माणसं असं उत्तर आलं, तर शेवटचा माणूस अंधारात उतरणार हे तिथेच कळलं.

राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणं अपेक्षित आहे. ती आहे का, हे विचारायला लाजू नका. लीडरने उत्तरकाशी, दार्जिलिंग किंवा मनालीच्या गिर्यारोहण संस्थेतून कोर्स केला असेल तर उत्तम. मात्र बेसिक कोर्स माणसाला चढायला शिकवतो, दुसऱ्याला चढवायला नाही. शिकवण्यासाठी ‘मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन’ हा वेगळा कोर्स असतो. आणि सह्याद्रीत नेणाऱ्याच्या हाताला इथल्या दगडाची सवय हवीच. हिमालयातलं प्रमाणपत्र त्याची जागा घेत नाही.

‘मला काही त्रास नाही’

फॉर्मवर सगळे हेच लिहितात. मग अर्ध्या कड्यावर समजतं की उजवा खांदा दोन वर्षांपूर्वी निखळला होता, किंवा दम्याचा पंप खाली बॅगेत राहिलाय. उंचीची भीती, जुनी दुखापत, रक्तदाब, मधुमेह, वजन हे सगळं आधी सांगा. सर्वांसाठीची मोहीम याचा अर्थ सगळ्यांना एकच वाट नव्हे. गाइडला खरं कळलं तर तो तुम्हाला सोप्या बाजूने चढवतो, दोर जास्त ताणून धरतो, तुमचा नंबर ऊन चढायच्या आत लावतो. लहान मुलांच्या कमरेवर साधा हार्नेस, म्हणजे दोर बांधायचा कमरेचा आणि मांड्यांचा पट्टा, टिकत नाही, कारण त्यांचं कंबरडं अरुंद असतं. उलटं झालं तर पोर त्यातून निसटू शकतं. त्यांना फुल बॉडी हार्नेस लागतो. पोट सुटलेल्या मोठ्या माणसांचा पट्टाही खाली घसरतो, म्हणून त्यांच्यासाठी छातीचा पट्टा मागून घ्या. यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही.

हार्नेस, गाठ, अंगठी

हार्नेसचा पट्टा पँटच्या बेल्टच्या जागी नाही, कमरेच्या हाडांच्या वर बसला पाहिजे. पट्टा आणि पोट यांच्यात तळहात सपाट सरकावा, पण मूठ वळली तर पट्टा ढिला आहे. बक्कल कसं लावायचं हे त्याच्या प्रकारावर ठरतं. जुन्या पद्धतीच्या बक्कलमधून पट्ट्याचं टोक परत उलटं ओवावं लागतं आणि नेमकं तेच राहून जातं. दोर बांधताना आठाची गाठ पुन्हा माघारी विणलेली, दोन-दोन पदर शेजारी-शेजारी, आणि टोक बऱ्यापैकी लांब सुटलेलं दिसायला हवं. दिसत नसेल तर ‘दादा, एकदा बघता का?’ म्हणा. चांगला गाइड यावर चिडत नाही. चिडलाच, तर गाइड बदला.

अंगठी, कडं, घड्याळ, मंगळसूत्र खालीच काढून ठेवा. खाचेत अडकलेल्या अंगठीवर शरीराचं वजन आलं तर बोटाची कातडी सोलून निघते. केस घट्ट बांधा, कारण रॅपलिंग करताना ओढणी आणि मोकळे केस डिसेंडरमध्ये, म्हणजे दोर ज्यातून सरकतो त्या साधनात, जातात. आणि दोरावर पाय देऊ नका. बुटाने दाबलेली माती दोराच्या आत शिरते आणि आतून धागे कापते.

हाताने चढायचं नसतं

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक ही. पहिला होल्ड, म्हणजे धरायची खाच किंवा कंगोरा, दिसला की दोन्ही हातांनी लटकायचं, कोपर वाकवून अंग वर ओढायचं. पाच-सहा हालचालींत मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू टणक होतात, बोटं आपोआप उघडायला लागतात. जिमला जाणाऱ्या मुलांचं हे हटकून होतं. त्याच वेळी शेजारच्या दोरावर एखादी काकू शांतपणे वर जात असते, कारण तिला हाताच्या ताकदीचा भरवसा नसतो आणि ती पायांवर उभी राहते.

उपाय साधा आहे. हात सरळ ठेवा, नजर खाली न्या, पुढची पायरी शोधा, बुटाच्या पुढच्या टोकावर उभे राहा आणि मांडीच्या जोरावर उठा. तळव्याचा मधला भाग खडकावर टेकवू नका, मग पाय हवा तसा वळवता येत नाही. हात भरून आले असतील तर एक हात खाली सोडून झटका, मग दुसरा. पाय थडथडू लागला, शिवणयंत्र चालवल्यासारखा, तर टाच खाली सोडा आणि लांब श्वास घ्या. पोटरीवरचा ताण उतरला की थरथर थांबते.

बूट सैल असेल तर छोट्या पायरीवर पाय आतल्या आत सरकतो. भाड्याचे क्लाइंबिंग शूज घेताना बोटं टोकाला लागली पाहिजेत, दुखायला नकोत. ते नसतील तर घट्ट बसणारे, पातळ रबरी तळव्याचे बूट चालतील. जाड सोलचे जॉगिंग शूज नकोत.

इथला दगड बेसॉल्ट आहे, पण लाव्हाच्या एकावर एक बसलेल्या थरांचा. टणक पट्ट्यांच्या मध्ये मुरमाड, भुसभुशीत पट्टे येतात. होल्ड धरण्याआधी बोटांच्या पेरांनी ठोका. पोकळ आवाज आला तर त्यावर भार नको. दुसरा पर्यायच नसेल तर खालच्या दिशेने दाबा, बाहेर ओढू नका. वाळलेल्या गवताचा झुबका तर कधीच धरू नका.

मध्येच अडकलात तर

बहुतेक ठिकाणी नवख्यांसाठी दोर वरच्या अँकरमधून, म्हणजे कड्यावर पक्क्या केलेल्या आधारातून, आलेला असतो. म्हणजे सुटलात तरी थोडं खाली येऊन दोरावर बसाल. सुरुवातीच्या काही फुटांत मात्र सावध, कारण तिथे दोर सर्वांत लांब असतो आणि त्याच्या ताणामुळे पाय जमिनीला टेकू शकतात; ‘टाइट’, म्हणजे दोर ताणा, म्हणून ओरडा. दोराच्या रेषेपासून फार डावी-उजवीकडे गेलात तर सुटल्यावर झोका बसून अंग कड्यावर आपटतं. अडकल्यावर घाबरून दोर किंवा अँकरच्या स्लिंगला (पट्ट्याला) हात घालू नका. ‘टेक’ म्हणा, बिले देणाऱ्याने, म्हणजे तुमचा दोर सांभाळणाऱ्याने, दोर ताणल्याची खात्री करा आणि मग मागे बसा. दोन मिनिटं विसावा घेतला तर जे अशक्य वाटत होतं ते कित्येकदा जमतं. नाहीच जमलं तर खाली सोडायला सांगा.

‘दगड!’ अशी हाक आली की वर बघायची सवय जीवघेणी आहे. हेल्मेट दगडाकडे राहील असं डोकं खाली घ्या आणि कड्याला चिकटा. पावसाने सैल झालेले दगड ऑक्टोबरात जास्त येतात, त्यामुळे पायथ्याला डबा खायला कड्याच्या बुडाशी बसू नका.

आग्या मोहोळ हा वेगळाच विषय. डिओ, धूर, आरडाओरडा यांनी माश्या उठतात. उठल्याच तर हात झटकू नका, तोंड आणि मान झाका, दोरावर असलेल्याला लवकर खाली घ्या आणि कड्याच्या धारेवर असाल तर पळू नका. अशा प्रसंगी किंवा अपघात झाल्यास लोणावळ्यात ‘शिवदुर्ग मित्र’ या संस्थेची बचाव पथकं धावून येतात, पण फोन लागला तर. कड्याखाली रेंज भरवशाची नसते, म्हणून गावात कोणाला तरी परतायची वेळ सांगून ठेवा.

उतरताना मागे रेलून, पाय खांद्याएवढे फाकवून चालत या. ब्रेकचा हात, म्हणजे दोर धरून वेग आवरणारा हात, कोणत्याही कारणाने सोडायचा नाही, चष्मा घसरला तरी नाही. माथ्यावर असताना गाइड सांगेपर्यंत सेल्फ-अँकर, म्हणजे तुम्हाला अँकरशी बांधून ठेवणारा पट्टा, काढू नका, आणि खाली पोचल्यावर दोर सोडवून ‘रोप फ्री’ अशी हाक दिल्याशिवाय फोन बाहेर काढू नका. वर पुढचा माणूस त्याच हाकेची वाट बघत उन्हात उभा असतो.