घरकुल वसाहतीतले स्वयंसेवक टिकवायचे असतील तर या चुका टाळा

वसाहतीत काम सुरू करणारा प्रत्येक नवा कार्यकर्ता महिनाभरात हमखास म्हणतो, "लोक पुढेच येत नाहीत हो." पुढे आलेल्यांचं आपण काय केलं, हे मात्र कोणी विचारत नाही. २००५ साली आलेल्या जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहरविकास योजनेतून नाशिकमध्ये चुंचाळे, वडाळा भागात घरकुलं झाली. अशा वसाहतींत पाण्याच्या वेळा, जिन्यातले दिवे, तुंबलेलं ड्रेनेज यामागे दोन-चार रहिवासीच फुकट राबत असतात. त्यांना घालवायच्या आपल्या पद्धती ठरलेल्या आहेत.

पहिली म्हणजे शाल-श्रीफळ. एका वसाहतीत एक मावशी पहाटे उठून व्हॉल्व्ह फिरवायच्या. कोणत्या इमारतीला किती वेळ पाणी सोडलं, ते वहीत लिहायच्या. चेंबरचं झाकण तुटलंय, अंधारात पाय जाईल, असा अर्ज त्यांनी दिला होता. त्याला उत्तर नाही. मग २६ जानेवारीला त्यांचा सत्कार ठरला. पाहुणे दोन तास उशिरा आले, तोवर मावशींचा धुण्याभांड्याच्या घरी खाडा पडला. सूत्रसंचालकाने आडनाव चुकीचं घेतलं ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी मावशींनी किल्ली आणि वही कार्यालयात आणून ठेवली. "शाल राहू द्या, झाकण बसवा," म्हणाल्या. त्यानंतर वरच्या मजल्यांवर पाणी चढेना आणि रोज भांडणं. झाकण अखेर बसलं, पण मावशी काही परत आल्या नाहीत.

म्हणून माझा शिरस्ता असा: ज्याचा सत्कार करायचा, त्याचे पडून असलेले अर्ज आधी काढायचे. एका वहीत मागणी, तारीख, कोणाकडे पाठवली आणि काय उत्तर आलं, एवढंच लिहायचं आणि दर महिन्याच्या बैठकीत ते मोठ्याने वाचायचं. काम झालं नसेल तर तेही, कारणासकट. प्रमाणपत्र द्यायचंच असेल तर 'समाजसेवेबद्दल' असलं गुळमुळीत लिहू नका. 'तीन इमारतींचं पाणीवाटप आणि नोंदवही सांभाळली' असं लिहा. तो कागद नोकरी मागताना दाखवता येतो.

दुसरी चूक खिशाची. अंबडहून शरणपूर रोडला, महापालिकेच्या राजीव गांधी भवनात अर्ज द्यायला जायचं म्हणजे रिक्षाचं जाणं-येणं आणि झेरॉक्स. वर आपण म्हणणार, "बिल आणा, मग बघू." शेअर रिक्षावाला बिल देतो का? मी निघण्याआधीच हातावर पैसे ठेवते आणि आल्यावर साध्या व्हाउचरवर सही घेते. हिशेब चुकेल म्हणून घाबरणाऱ्यांना सांगते, जाण्या-येण्याच्या पैशांत कोणी बंगला बांधत नाही. उलट एकाच माणसाला दरमहा ठरावीक रक्कम सुरू करणं हा घाईचा शॉर्टकट. बाकीचे लगेच म्हणतात, "पगार त्याला, काम आम्ही का करायचं?"

बाकीच्या चुका थोडक्यात.

बैठक मंगळवारी सकाळी अकराला ठेवू नका. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या पाळ्या विचारा, बायकांची कामाची घरं विचारा, मग वेळ ठरवा.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं म्हणजे कळवलं असं नाही. जिन्यात कागद लावा, मोठ्या अक्षरात.

सोसायटी नोंदलेली असेल तर वार्षिक सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते. नसली तरी तेवढेच दिवस द्या.

जो कामाचा, त्याच्यावरच सगळं टाकू नका. व्हॉल्व्हची किल्ली दोघांकडे हवी आणि दुसऱ्याला तो फिरवताही यायला हवा.

आधी ठरवून मग फक्त सह्यांना बोलावणं तर नकोच. रहिवासी सही करतात, कारण घर हातचं जाईल ही भीती असते. पुढच्या बैठकीला मग खुर्च्या रिकाम्या राहिल्या, की नवे कार्यकर्ते पुन्हा आमच्याकडे येऊन तेच म्हणतात.